रिफ्ट व्हॅली तापाचा जोखीम-नकाशा: धोका रस्त्यांच्या कडेनेच का दिसतो आहे?

पिक्सेल_पांथस्थ

नमस्कार मंडळी. केनियाच्या पूर्व आणि ईशान्य भागातल्या गरिसा, वजीर आणि ताना रिव्हर या तीन काउंटींसाठी रिफ्ट व्हॅली तापाचा (आरव्हीएफ, डासांतून पसरणारा जनावरांचा आणि माणसांचा विषाणूजन्य रोग) जोखीम-नकाशा करायचा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या छोट्या पावसात दर महिन्याला ताजा होणारा नकाशा हवा आहे, म्हणजे पशुवैद्यकीय पथके कुठे पाठवायची ते त्यावरून ठरवता येईल.

सध्याचे थर असे: चर्प्सचा (उपग्रह आणि पर्जन्यमापकांवरून केलेली पावसाची नोंद) मासिक पाऊस, मोडिस या उपग्रह-संवेदकाचा १६ दिवसांचा एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक, २५० मीटर), एसआरटीएम या उंचीच्या माहितीवरून काढलेला उतार आणि प्रवाहमार्ग, नदीपासूनचे अंतर, आणि एफएओच्या ग्रिडेड लाइव्हस्टॉक या पशुसंख्येच्या नकाशाच्या चौथ्या आवृत्तीतील मेंढ्या, शेळ्या व गुरे. गुरे ०.७ आणि मेंढ्या-शेळ्या ०.१ असे पशुधन-एकक धरून तिन्हींचा एकच थर केला आहे. साथीचे बिंदू १९९७–९८ आणि २००६–०७ या दोन मोठ्या साथींचे आहेत. 'नसलेले' बिंदू यादृच्छिक टाकले आणि आर या सांख्यिकी प्रणालीत रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचे मॉडेल) चालवले. एयूसी (मॉडेल 'आहे' आणि 'नाही' किती चांगले वेगळे करते याचे माप, कमाल १) ०.९४ आला.

नकाशा मात्र पटत नाही. गडद पट्टे डांबरी रस्त्यांना आणि गावांना चिकटून आहेत, आणि पाणी साठणारे उथळ खोलगट भाग फिकट आहेत. दुसरी अडचण म्हणजे साथ नसलेल्या वर्षांतही एनडीव्हीआयचा सरासरीपासूनचा फरक धन दिसतो आणि अर्धा नकाशा लाल होतो. चूक माहितीत आहे की पद्धतीत?

---

साथशास्त्र_आणि_रास्टर

दोन्हीत आहे. आधी एयूसीबद्दल. तो ०.९४ आला याचा आनंद करू नका. तुमचे बिंदू पुंजक्यांनी आहेत. यादृच्छिक पद्धतीने प्रशिक्षण आणि चाचणी असे भाग पाडले की एकाच पुंजक्यातले शेजारी दोन्हीकडे जातात आणि मॉडेल शेजाऱ्याचे उत्तर पाठ करून सांगते. त्याऐवजी जागेनुसार ठोकळे पाडा. ब्लॉकसीव्ही पॅकेजमध्ये ती सोय आहे. ठोकळ्याचा आकार अंदाजाने घेऊ नका. मॉडेलच्या अवशेषांचा (भाकीत आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकांचा) व्हेरिओग्राम, म्हणजे अंतर वाढेल तसा बिंदूंतला वेगळेपणा किती वाढतो याचा आलेख काढा आणि तो सपाट होतो त्या अंतराहून मोठा ठोकळा घ्या. याहून कडक कसोटी म्हणजे १९९७–९८ च्या साथीवर शिकवायचे आणि २००६–०७ च्या साथीवर तपासायचे. यात एयूसी बराच खाली येईल. तुमच्या मॉडेलची खरी कुवत तीच समजा.

आता रस्त्यांचे. साथीची नोंद होण्यासाठी कुणीतरी तिथे पोचावे लागते, नमुना घ्यावा लागतो आणि तो प्रयोगशाळेपर्यंत थंड राहावा लागतो. रस्त्याजवळ हे सगळे घडते, आत घडत नाही. म्हणून तुमचे 'आहे' बिंदू रोग कुठे होता हे जितके सांगतात, तितकेच पथक कुठे पोचले हेही सांगतात. तुम्ही 'नाही' बिंदू मात्र सगळीकडे सारखे पसरले. साहजिकच मॉडेलने दोन्हींतला सर्वात ठळक फरक उचलला, आणि तो रस्ता होता.

उपाय तीन आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने. पहिला: आरव्हीएफसाठी तपासलेले आणि ऋण आलेले नमुने 'नाही' म्हणून वापरा. दुसरा: ते नसतील तर त्याच काळातल्या इतर पशुरोगांच्या नोंदींची ठिकाणे पार्श्वभूमी म्हणून घ्या. त्या नोंदींतही तोच रस्त्याकडचा कल असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा कल एकमेकांना छेदतो. तिसरा: पशुवैद्यकीय केंद्रापासूनचा प्रवासवेळ मॉडेलमध्ये मुद्दाम घाला आणि भाकीत करताना सगळ्या पिक्सेलना त्याची एकच किंमत द्या.

बिंदूंचे अक्षांश-रेखांश कुठून आले तेही बघा. जुन्या नोंदींत कळपाच्या जागेऐवजी डिव्हिजनच्या (प्रशासकीय विभागाच्या) मुख्यालयाचा किंवा बहुभुजाच्या मध्याचा बिंदू टाकलेला असतो. एकाच निर्देशांकावर चार-पाच नोंदी दिसल्या तर तसे घडले आहे असे समजा. 'अचूकता' असा एक स्तंभ करा. ५ किलोमीटरपेक्षा जास्त अनिश्चितता असलेले बिंदू पिक्सेलच्या मॉडेलमधून काढा, किंवा मग सगळे मॉडेलच डिव्हिजन पातळीवर चालवा. दुसरा पर्याय दिसायला ओबडधोबड आहे, पण जुन्या माहितीशी प्रामाणिक आहे.

माणसांतले रुग्ण या थरात मिसळू नका. रुग्णाचा बिंदू बहुधा रुग्णालयाचा असतो. त्यातून माणसाला लागण डासापेक्षा जनावराचे रक्त, मांस किंवा गाभटलेले (गर्भपात होऊन पडलेले) पिल्लू हाताळण्यातून अधिक होते, त्यामुळे तो बिंदू डासाची जागा दाखवत नाही.

शेवटचे म्हणजे 'आहे' कशाला म्हणायचे. एकाएकी सगळ्या मेंढ्यांनी गाभ टाकला एवढ्यावरून आरव्हीएफ धरू नका. ब्रुसेलोसिस, क्यू ताप, टॉक्सोप्लाझ्मा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), नैरोबी शीप डिसीज यांतही गाभ पडतो. गाभण मेंढ्या जवळजवळ सगळ्याच गाभटणे आणि आठवड्याच्या आतली कोकरे मोठ्या संख्येने दगावणे, हे दोन्ही एकत्र दिसले तर संशय पक्का धरावा. पुष्टी मात्र आरटी-पीसीआर किंवा आयजीएम एलायझाची (ताज्या लागणीची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) हवी. नुसते आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) धन असेल तर लागण कित्येक वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुरणात झालेली असू शकते. रक्तजलाची माहिती वापरायचीच असेल तर मागच्या साथीनंतर जन्मलेली जनावरे तेवढी घ्या. त्यांच्यातली प्रतिपिंडे अलीकडच्या फिरत्या विषाणूचीच असणार (लस टोचलेली नसेल तर).

---

पाणथळ_प्रेमी

रस्त्यांच्या पट्ट्याला एक दुसरे दारही आहे, ते वर सुटले. ग्रिडेड लाइव्हस्टॉकच्या दोन आवृत्त्या मिळतात. एकीत प्रशासकीय गणनेचा आकडा रँडम फॉरेस्टने पिक्सेलांवर वाटलेला असतो. त्या वाटपात पाऊस, वनस्पती, लोकसंख्या आणि शहरापर्यंतचा प्रवासवेळ असे घटक वापरलेले असतात. म्हणजे तुम्ही पशुधन म्हणून जो थर घातला, त्याच्या पोटात रस्ता, पाऊस आणि हिरवळ आधीच आहेत. दुसऱ्या आवृत्तीत तोच आकडा प्रशासकीय तुकड्यात क्षेत्रफळानुसार सारखा पसरलेला असतो. पर्यावरणीय घटक मॉडेलमध्ये असतील तेव्हा ही दुसरी घ्या. ती ठोकळेबाज दिसते, पण वर्तुळात फिरवत नाही.

त्या थरात संख्या दर पिक्सेलमागे असते, दर चौरस किलोमीटरमागे नसते. पिक्सेल सुमारे १० किलोमीटरचा आहे. सोबतच्या क्षेत्रफळाच्या रास्टरने (पिक्सेलांच्या जाळीवरचा थर) भागून घनता काढा आणि मगच रास्टरची जाळी बदला. संख्येच्या थरावर थेट बायलिनिअर (शेजारच्या पिक्सेलांवरून मधली किंमत काढणे) फिरवले की एकूण बेरीज बिघडते. उंटांचा थर या आवृत्तीत नाही आणि वजीरमध्ये उंट भरपूर, तेव्हा काउंटीच्या गणनेचे आकडे वेगळे जोडावे लागतील.

पशुधन-एकक इथे अजिबात नको. ते चाऱ्याचे माप आहे. ०.७ आणि ०.१ लावले की एक गाय सात मेंढ्यांबरोबर बसते. विषाणूच्या दृष्टीने गणित उलटे आहे: मेंढीच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो आणि तिला चावलेला डास लागण घेऊन जातो. मेंढ्या, शेळ्या, गुरे हे तीन वेगळे थर ठेवा.

आता मुख्य गोष्ट, पाणी. आरव्हीएफचा नकाशा म्हणजे बराचसा पाणी किती दिवस साठून राहिले याचा नकाशा. पूर्व आफ्रिकेत साथ दोन पायऱ्यांनी चढते. एडिस मॅकिन्तोशी ही डासाची जात आणि तिच्या जवळच्या जाती उथळ गवताळ खोलग्यांच्या ओलसर कडेला अंडी घालतात. ही अंडी वर्षानुवर्षे कोरड्या मातीत तग धरतात आणि त्यातल्या काहींत विषाणू आईकडूनच आलेला असतो. खोलगा भरला की अंडी फुटतात. पाणी दहा-पंधरा दिवस टिकले तर डास उडतात आणि जवळच्या जनावरांत विषाणू सोडतात. एडिसची ही लाट थोड्या काळाची असते. तेच पाणी पुढे चार-सहा आठवडे टिकले, त्यात गवत वाढले, की क्युलेक्स गटातले डास येतात आणि साथ पसरवण्याचे मोठे काम ते करतात. पाणी दहाव्या दिवशी आटले तर पहिली ठिणगी पडून विझते.

म्हणून मासिक पावसाची बेरीज हे चुकीचे माप आहे. दोन दिवसांत १५० मिलिमीटर वाळूच्या उतारावर पडला तर काही होत नाही. तेवढाच पाऊस चिकणमातीच्या सपाटीवर सहा आठवड्यांत विभागून पडला तर खोलगे भरलेलेच राहतात. चर्प्स पाच-पाच दिवसांचा मिळतो, तो घ्या. प्रत्येक पिक्सेलसाठी मागच्या ६० आणि ९० दिवसांची बेरीज, दीर्घकालीन सरासरीपासून तिचा फरक, आणि सलग किती पंचकांत सरासरीहून जास्त पाऊस झाला, एवढे तीन थर काढा. तिसरा सर्वात उपयोगी पडतो. चर्प्सचा पिक्सेल ०.०५ अंशाचा, म्हणजे विषुववृत्तापाशी साडेपाच किलोमीटरचा आहे. त्यातून खोलगा दिसणार नाही. तो पाऊस कधी आणि किती हे सांगेल, पाणी कुठे साठले ते दुसऱ्या थराने सांगायचे.

त्या 'कुठे'बद्दल तुमच्या प्रक्रियेत एक घातक पायरी असणार. प्रवाहमार्ग काढण्याआधी उंचीच्या रास्टरमधले खड्डे बुजवले होते ना? जलविज्ञानाच्या साधनांत ती पहिलीच पायरी असते. नेमके आपल्याला हवे असलेले खोलगे तिथे पुसले गेले. न बुजवलेले रास्टर घेतले तरी फार निभावत नाही, कारण एसआरटीएमची चूक काही मीटरची असते आणि खोलगा एक-दोन मीटरचा. अशा सपाट मुलखात उंचीवरून खोलगे शोधू नका. आधी कुठे पाणी साठले होते ते उपग्रहाच्या जुन्या नोंदीतून घ्या. ग्लोबल सरफेस वॉटरच्या ३० मीटरच्या थरात कायमचे पाणी वगळून ऋतुपुरते पाणी वेगळे काढता येते. त्याला मातीची जोड द्या: सॉइलग्रिड्समधील चिकणमातीचे प्रमाण, आणि माती-नकाशात व्हर्टिसोल, सोलोनेट्झ यांसारख्या पाणी धरून ठेवणाऱ्या माती.

चालू हंगामासाठी सेंटिनेल-१ उपग्रहांचे रडार वापरा, ढगांची अडचण येत नाही. पण तिथे दोन सापळे आहेत. कोरडी गुळगुळीत वाळू रडारला पाण्याइतकीच काळी दिसते, त्यामुळे '–१७ डेसिबलच्या खाली म्हणजे पाणी' असा सरधोपट उंबरठा वजीरमध्ये शेकडो खोटी तळी दाखवेल. कोरड्या महिन्यांतील प्रतिमांचा मध्यक काढा आणि त्याच्या तुलनेत किती डेसिबल घट झाली ते बघा. आधीपासून काळे असलेले पिक्सेल बाजूला ठेवा. दुसरा सापळा उलटा आहे. उभ्या गवतात पाणी शिरले की रडारची लहर पाण्यावरून आणि देठावरून अशी दोनदा आपटून परत येते आणि पिक्सेल अधिक उजळ होतो. डासांना सर्वात आवडणारे पाणी नेमके असेच निसटते. म्हणून मध्यकापेक्षा ठळक उजळ झालेल्या, सपाट आणि चिकणमातीच्या पिक्सेलनाही 'संभाव्य गवताळ पाणी' अशी खूण करा. ढग नसतील त्या दिवशी सेंटिनेल-२ वरून हिरवा आणि अल्पलहरी अवरक्त पट्टा वापरून बदललेला जलनिर्देशांक काढा आणि पडताळा. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. त्यानंतरच्या काही काळात प्रतिमांमधले अंतर वाढले आहे. 'किती दिवस पाणी होते' हे मोजताना ती फट लक्षात ठेवा, नाहीतर प्रतिमा नसलेले दिवस कोरडे धरले जातील.

नदीपासूनचे अंतर काढून टाका. तानाच्या काठचा पूरमैदान वेगळा, बुरा आणि होला इथली सिंचित शेती वेगळी, आणि नदीपासून लांबचे पावसाळी खोलगे वेगळे. सिंचनाच्या पाण्यात क्युलेक्स पाऊस नसतानाही टिकतात. इजिप्तमध्ये १९७७–७८ ची साथ अशाच सिंचित प्रदेशात, क्युलेक्स पिपियन्सच्या जोरावर पेटली होती. एकाच अंतर-थरात या तिन्ही गोष्टी कोंबल्या की मॉडेल गोंधळते.

तापमानावर फार वेळ घालवू नका. या तीन काउंटी बाराही महिने उबदार आहेत. उंचावरच्या भागासाठी नकाशा वाढवाल तेव्हा ते घाला.

---

हिरवळ_निर्देशांक

एनडीव्हीआयला मोडीत काढायची घाई नको. १९९९ मध्ये प्रशांत आणि हिंदी महासागराच्या पृष्ठतापमानाला एनडीव्हीआयची जोड देऊन दाखवले होते की पूर्व आफ्रिकेतल्या साथींचे भाकीत पाच महिने आधीपर्यंत करता येऊ शकते. २००६ मध्ये ही पद्धत प्रत्यक्ष चालली. सप्टेंबरपासून इशारे निघाले, आणि डिसेंबरात गरिसामध्ये माणसांतले रुग्ण पुढे आले. जमिनीवर मिळालेला अवधी मात्र २ ते ६ आठवड्यांचाच होता.

तुमचा अर्धा नकाशा लाल होतो त्यामागे गणिताच्या चुका असाव्यात, त्या एकेक तपासा. मोडिसच्या किमतीला ०.०००१ ने गुणले का? –३००० ही 'माहिती नाही'ची खूण सरासरीत गेली तर सरासरी खाली जाते आणि पुढचे प्रत्येक वर्ष हिरवे वाटते. गुणवत्तेच्या थरात फक्त ० असलेले पिक्सेल ठेवा. ढगाळ पिक्सेल दीर्घकालीन सरासरीत राहिले तरी हाच परिणाम होतो. फरक काढताना त्याच १६ दिवसांच्या खिडकीची अनेक वर्षांची सरासरी वजा करायची असते. संपूर्ण वर्षाची सरासरी वजा केली तर प्रत्येक पावसाळ्यात फरक धन येणारच.

दुसरे, फरक सगळीकडे बघायचा नसतो. दीर्घकालीन एनडीव्हीआय ०.१५ ते ०.४ आणि वार्षिक पाऊस १०० ते ८०० मिलिमीटर, एवढ्या पट्ट्यातच ही पद्धत अर्थपूर्ण आहे, कारण तिथे हिरवळ थेट पावसावर हलते. आणि एका महिन्याच्या फरकावर हात टाकू नका, सलग तीन महिने टिकलेला हवा.

नवी मालिका सुरू करणार असाल तर मोडिस वाहणाऱ्या टेराच्या भरवशावर राहू नका. त्या उपग्रहाची कक्षा सरकू लागली आहे. व्हीआयआयआरएस या दुसऱ्या उपग्रह-संवेदकाचा ५०० मीटरचा तसाच निर्देशांक आहे. दोन्ही मालिका एकामागे एक चिकटवू नका, सामाईक वर्षांवरून जुळवून घ्या.

---

पाणथळ_प्रेमी

पद्धत मला मान्य आहे, वापराच्या वेळेबद्दल मतभेद आहे. हिरवळ पावसामागून साधारण महिन्याने येते. सलग तीन महिन्यांच्या फरकाची वाट पाहिली तर क्युलेक्सची लाट वर आलेली असते. पूर्वसूचना सागरी तापमानावरून आणि पावसाच्या अंदाजावरून घ्यावी, आणि एनडीव्हीआयने 'ओल खरोखर टिकली आहे' याची खात्री करावी. शिवाय सागराचा इशारा मिळाला की साथ येतेच असे नाही. २०१९ मध्ये हिंदी महासागराचा द्विध्रुव (पश्चिम आणि पूर्व भागांतल्या पृष्ठतापमानाचा फरक) जोरात धन होता, पूर्व आफ्रिकेत छोटा पाऊस प्रचंड झाला, पण २००६–०७ सारखी साथ उसळली नाही.

---

हिरवळ_निर्देशांक

वेळेबद्दलचे मान्य. मुखवटा (कोणता पट्टा बघायचा ते ठरवणारा थर) मात्र एनडीव्हीआयचाच ठेवा, तो पावसावरून तितका चांगला निघत नाही.

---

पिक्सेल_पांथस्थ

सगळे तपासले. खड्डे बुजवलेलेच रास्टर होते. पशुधनाची रँडम फॉरेस्टने वाटलेली आवृत्ती होती. एकाच निर्देशांकावर अनेक नोंदी आहेत, बहुतेक डिव्हिजनची मुख्यालये. –३००० ही किंमतही सरासरीत गेली होती. हे सगळे दुरुस्त करतो.

आता अडचण अशी की अचूक जागेचे बिंदू फार थोडे उरतात आणि ऋण नमुने मिळण्यासारखे नाहीत. तज्ज्ञांच्या मतावरून वजने देऊन थरांची बेरीज करणे चालेल का? आणि जनावरांतली प्रतिकारशक्ती व बाजाराकडे होणारी ये-जा कशी घालायची?

---

साथशास्त्र_आणि_रास्टर

चालेल, पण बेरीज नको. भारित बेरजेत एका थराची उणीव दुसरा भरून काढतो. पाणी भरपूर आणि जनावर एकही नाही, तरी पिक्सेल 'मध्यम धोका' म्हणून रंगतो. पाणी टिकणे आणि लागण होऊ शकणारी जनावरे असणे या दोन्ही अटी अनिवार्य आहेत, म्हणून त्यांचा गुणाकार किंवा भूमितीय सरासरी घ्या. एकात शून्य आले की उत्तर शून्य. दुय्यम थर (माती, सिंचन) पाण्याच्या गटातल्या गटात बेरजेने जोडले तर हरकत नाही.

वजनांसाठी जोडी-जोडीने तुलना करणार असाल तर सुसंगतीचे गुणोत्तर (तज्ज्ञाची उत्तरे एकमेकांशी किती विसंगत आहेत याचे माप) ०.१ च्या खाली हवे. त्याहून जास्त आले तर त्या तज्ज्ञाला त्याची उत्तरे परत दाखवा, आकडे आपल्या मनाने दुरुस्त करू नका. नंतर सगळी वजने २५ टक्क्यांपर्यंत वरखाली करून हजारभर वेळा नकाशा काढा. ज्या पिक्सेलचा वर्ग पुन्हा पुन्हा बदलतो त्यावर तिरप्या रेघा मारा. उरलेल्या अचूक बिंदूंवर मॉडेल शिकवायचे नाही, ते तपासणीसाठी राखून ठेवा.

प्रतिकारशक्तीसाठी साधे सूत्र पुरते: साथीनंतर प्रतिकारक्षम असलेला हिस्सा, गुणिले (१ – वार्षिक बदल) चा वर्षांइतका घात. समजा साथीनंतर ६० टक्के मेंढ्या प्रतिकारक्षम होत्या आणि कळपातली ३० टक्के जनावरे दरवर्षी बदलतात, तर ४ वर्षांनी ०.६ × ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास उरतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. बदलाचा दर स्थानिक कळपांचा घ्या आणि लसीकरण झाले असेल तर तेही मिळवा. गुरे जास्त वर्षे जगतात, त्यांचा दर वेगळा. दुष्काळानंतर कळप नव्याने उभे राहिले असतील तर प्रतिकारशक्ती एका वर्षात कोसळलेली असते, आणि दुष्काळामागून अतिवृष्टी हा सर्वात वाईट क्रम आहे.

ये-जा रास्टरमध्ये 'बाजारापासूनचे अंतर' म्हणून घालू नका, तोच रस्ता पुन्हा आत येईल. ती वेगळ्या नकाशावर बाणांनी दाखवा: गरिसाच्या बाजारात कुठल्या डिव्हिजनमधून जनावरे येतात आणि पुढे कुठे जातात. 'इथे साथ उद्भवू शकते' आणि 'इथे साथ आणली जाऊ शकते' या वेगळ्या गोष्टी आहेत. २००० मध्ये आरव्हीएफ पहिल्यांदा आफ्रिकेबाहेर, सौदी अरेबिया आणि येमेनमध्ये दिसला, तेव्हाचा विषाणू १९९७–९८ च्या पूर्व आफ्रिकेतल्या विषाणूच्या अगदी जवळचा होता.

---

लस_आणि_वेळापत्रक

नकाशाच्या रंगावर कोण काय करणार, हे आधी ठरवा. नाहीतर सुंदर नकाशा भिंतीवर लागतो आणि मेंढ्या गाभटतात.

तुमच्या पथकांना एक नकाशा पुरणार नाही, दोन करा. पहिला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, डिव्हिजन पातळीवर, सागरी तापमान, हंगामी अंदाज, खोलग्यांचे प्रमाण आणि प्रतिकारशक्ती यांवर आधारलेला. त्यावर लसीचा निर्णय होतो. लस मागवणे, शीतसाखळी, पथके आणि टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे धरले तर पाऊस सुरू झाल्यावर हा निर्णय घेणे उशिराचे ठरते. स्मिथबर्न ही जिवंत लस गाभण मेंढ्यांत गाभ पाडू शकते आणि पिल्लात व्यंग आणू शकते, म्हणून गाभणकाळाचे वेळापत्रकही त्या नकाशाशेजारी हवे. निष्क्रिय लस गाभण जनावरांना चालते, पण पुन्हा मात्रा द्यावी लागते, आणि सतत फिरणाऱ्या कळपाला दुसऱ्यांदा गाठणे अवघड आहे. अळीनाशकही पाणी भरण्याआधी खोलग्यात टाकायचे असते, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या वड्या. तेव्हा खोलग्यांची यादी निर्देशांकांसह याच नकाशासोबत द्या.

दुसरा नकाशा दर दहा दिवसांनी, सेंटिनेल आणि चर्प्सवरचा. त्यावर लसीकरण *सुरू* करायचे नाही. कळपात विषाणू शिरला असेल तर एकाच सुईने टोचत गेलेले पथक स्वतःच तो पसरवते. या नकाशावर कळप-पाहणी, जनावरांची वाहतूक आणि कत्तल थांबवणे, आणि मेंढपाळांना सावध करणे एवढेच. गाभटलेल्या पिल्लाला उघड्या हाताने शिवायचे नाही. नमुना घेणाऱ्याला हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांचे संरक्षण हवे. पिल्लाचे यकृत, प्लीहा आणि मेंदू घ्या, बर्फावर ठेवा.

पाहणीत किती जनावरे तपासायची? लागण ५ टक्के असेल तर ९५ टक्के खात्रीने किमान एक तरी सापडायला ५९ लागतात, १० टक्के असेल तर २९, १ टक्का असेल तर २९९. हे आकडे मोठ्या कळपासाठी आणि अचूक चाचणी धरून आहेत. एकाच कळपातली जनावरे एकमेकांसारखी असतात, म्हणून ५९ एकाच ठिकाणी न घेता अनेक कळपांत विभागा आणि आकडा वाढवा.

लाल रंगाचा उंबरठा एयूसीच्या वक्रावरून काढू नका. कृती करायचा खर्च भागिले कृती केली नाही तर होणारे टाळता येण्यासारखे नुकसान, एवढी संभाव्यता ओलांडली की कृती करा. पाहणी स्वस्त आहे, तिचा उंबरठा खाली. वाहतूकबंदीने मेंढपाळाचे उत्पन्नच थांबते, तिचा उंबरठा वर. यासाठी मॉडेलची संभाव्यता खऱ्या वारंवारतेशी जुळलेली हवी. वजनांवरच्या नकाशात ती संभाव्यता नसतेच, तिथे क्रम लावा आणि पथकाला जमतील तेवढ्या वरच्या डिव्हिजन घ्या.

---

पिक्सेल_पांथस्थ

हे अगदी उपयोगाचे. डिव्हिजन पातळीवर हंगामी नकाशा आणि १० दिवसांचा पाण्याचा नकाशा असे दोन वेगळे करतो. ज्या भागातून कधी कुठलीच नोंद आलेली नाही तो कोणत्या रंगात दाखवू?

---

साथशास्त्र_आणि_रास्टर

करड्या. हिरवा अजिबात नको, हिरवा दिसला की पथक तिकडे फिरकत नाही. ज्या पिक्सेलवर पाऊस, माती किंवा हिरवळ तुमच्या तपासणी-बिंदूंच्या पल्ल्याबाहेर आहे तेही करडे करा. आणि या करड्या भागातून दर हंगामाला थोडे कळप चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तपासा. त्यातून येणारे ऋण नमुने म्हणजेच आज तुमच्याकडे नसलेली माहिती. सप्टेंबरचा नकाशा तारीख घालून, फाइल कुलूपबंद करून ठेवा. जानेवारीत तपासताना तोच उघडायचा, मधल्या काळात सुधारलेला नाही.